फेल की ब्रेकडाऊन: पंचफुला मिस्त्रीण

‘फेल’ हा शब्द तुमच्या तोंडातून दिवसाकाठी किती वेळा निघतो, कधी मोजलंय का? आज मोजा. शेजाऱ्याचं पोरगं फेल, मामाची किडनी फेल, ट्रॅक्टरचे ब्रेक फेल, रानातला बोर फेल. नव्या सुनेची एक भाकर करपली की सासू लगेच निकाल लावते, ही स्वयंपाकात फेल. निकाल लावायला आपल्याला भारी आवडतं. कागद नाही, तपासणी नाही, नुसती जीभ उचलायची आणि ठप्पा मारायचा.

त्याच इंग्रजीतला दुसरा एक शब्द आपल्याकडं आहे, ब्रेकडाऊन. तो मात्र आपण गाड्यांसाठी राखून ठेवलाय. ट्रकचं ब्रेकडाऊन होतं, माणसाचं होत नाही. माणूस थेट फेल.

या दोन शब्दांतलं अंतर ज्या बाईला बरोब्बर कळलं ती दहावीला नापास झाली होती, आणि झाली होती ती इंग्रजीतच. तिचं नाव पंचफुला. रेणापूर तालुक्यात कुठं हापसा बंद पडला की लोक तिला फोन लावतात. हापसा म्हणजे हातपंप, पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. वय बावन्न, उंची बेताची, मनगट मात्र असं की पाइपाला पाना लावला तर पाइपानंच आपणहून सुटावं. साडीवरून नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, बुडाखाली मोपेड, आणि मोपेडवर मागं पान्यांची गोणी मांडीवर घेऊन बसलेली गंगम्मा. गंगम्मा उदगीरच्या पलीकडची, अर्धी कानडी. तिला पंचफुलाचा राग आला की ती कानडीत बोलते, आणि पंचफुला म्हणते, “कळंना झालंय तवर बोल, कळाय लागल्यावर बघते.”

पंचफुला मुरुडहून सून होऊन रेणापूरला आली तेव्हा सासरी तिची ओळख ‘दहावी फेल सून’ अशी करून द्यायचे. हळदी-कुंकवाला आलेल्या बायकांनाही सांगायचे. नवरा रामलिंग लातूरला नांदेड रोडवर एका ट्रकच्या गॅरेजात कामाला. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात ती डबा घेऊन गॅरेजवर गेली तर मालक म्हणाला, “रामलिंग न्हाई, ब्रेकडाऊनला गेलाय.” तिला वाटलं ब्रेकडाऊन नावाचं गाव असंल, औसा-निलंग्याकडं. रामलिंग आला, तर तिनं विचारलं.

“ब्रेकडाऊन म्हंजी गाडी रस्त्यात उभी राहिली,” रामलिंग म्हणाला.

“मंग फेल झाली म्हणा की.”

“आगं येडे, फेल झाली तर भंगारवाल्याला बोलवतेत. मला कशाला बोलवतील?”

बस, तिचं इंग्रजीचं शिक्षण तिथं पुरं झालं. त्या संध्याकाळी चुलीपुढं तिनं सासूला सांगून टाकलं, “आत्याबाई, हितून पुढं मला फेल म्हणू नका. माझं ब्रेकडाऊन झालंय. कुठला तरी एक नट ढिला हाय, तेवढा आवळला की मी चालू.” सासू आठ दिवस बोलली नाही. पण नवव्या दिवशी पाहुण्यांना ओळख करून देताना नुसतं ‘आमची सून’ म्हणाली.

परीक्षेला ती पुन्हा बसली नाही. त्याच साली लातूरला हापसा दुरुस्तीचं बारा दिवसांचं शिबिर होतं. बावीस बाप्ये आणि ही एकटी. शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, “बाई, चहा ठेवायला आलात का?” तिनं त्याच्या हातातला पाना घेतला, समोरच्या पाइपाचा जोड एका झटक्यात सोडला आणि म्हणाली, “चहा तुम्ही ठेवा, सर. माझ्यात साखर कमी.” बाराव्या दिवशी त्यानंच तिला प्रमाणपत्र दिलं आणि तिच्या डब्यातल्या भाकरीचा तुकडाही मागून खाल्ला.

तेव्हापासून तिची एक पद्धत पडून गेली. हापशाजवळ गेल्या गेल्या ती स्वतः दांड्याला हात लावत नाही. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई बोलावते, तिला दांडा मारायला लावते आणि विचारते, “हाताला काय लागतंय?” जी बाई तीस वर्षं तोच दांडा मारतेय तिच्या तळहाताला जे कळतं ते कुठल्या मशिनीला कळत नाही, असं तिचं म्हणणं. जड लागतंय, हलकं लागतंय, मधेच अडतंय, खडखडतंय. म्हातारी सांगते, पंचफुला मान डोलावते आणि मग गोणी उघडते. दहातल्या नऊ वेळा आत काय मोडलंय ते तिनं गोणी उघडायच्या आधीच सांगितलेलं असतं. आणि सांगितलेलं असतं ते चार लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिचा स्वभाव तसाच आहे. बाईमाणूस हळू बोललं की पान्याला हात बाप्यांचा लागतो, हे ती शिकून बसलीय.

तर गेल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. गुरुवार. सकाळी अकराला पांगरवस्तीच्या विठाबाईचा फोन आला. पांगरवस्ती म्हणजे मूळ गावापासून दोन किलोमीटर आत, तीस-पस्तीस घरं आणि मधोमध एक हापसा. विठाबाईचं वय सत्तरीपुढं, दात दोन, आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा.

“पोरी, आगं साहेबीन आलीय. हापशाचं मुंडकं काढून भोकावर झाकण ठोकायचं म्हणून राहिली.”

“का? काय झालं हापशाला?”

“बंद हाय की दोन महिन्यापासनं.”

“आन् मला आज सांगून राहिलात?”

“आवं, हणमंतराव म्हणले, फेलच्या यादीत घालू, फुकटात नवा बोर भेटतोय. समद्यांनी अंगठे दिले. मी बी दिला.”

पंचफुलानं फोनवर जे काही म्हणलं ते इथं छापता येणार नाही. गंगम्माला म्हणाली, “बस.” मोपेड निघाली.

वस्तीवर पोचली तर लिंबाखाली एक पांढरी जीप, दोन गडी, आणि एक पंचविशीची पोरगी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात मोबाइल. ही शिल्पा मॅडम, कंत्राटावरची इंजिनियर, नांदेडची. शेजारी खुर्ची टाकून हणमंतराव बसलेले. हणमंतराव पंचायतीचे मेंबर, कपडे नेहमी कडक इस्त्रीचे, बोलणं नेहमी गोड. फाट्यावर त्यांच्या पोराचं हॉटेल आहे, वडापाव बरा मिळतो.

“या या, पंचफुलाबाई,” हणमंतराव म्हणाले. “लई उशिरा आलात. मेलेल्या माणसाला इंजेक्शन द्यायला आलात का?”

“मेलंय हे सांगितलं कुणी? डॉक्टरनं का वारसानं?”

बायका हसल्या. हणमंतरावही हसले, पण खुर्ची जराशी मागं सरकवली.

शिल्पा मॅडम पुढं झाली. “मावशी, मी स्वतः पन्नास दांडे मारले. थेंबही आला नाही. शिवाय वस्तीचाच अर्ज आहे, फेल म्हणून. यादी आज पाचला बंद होते. मला अजून एक गाव करायचंय.”

“मॅडम, तुमच्या मोबाइलात काय काय लिहिता येतं?”

“दोनच गोष्टी. फेल नाहीतर ब्रेकडाऊन.”

“फेल लिवलं तर?”

“पाइप काढून घ्यायचे, भोक बंद करायचं, नवीन जागेची शिफारस करायची.”

“नवी जागा कुठली?”

मॅडमनं मोबाइल बघितला. “फाटा. हॉटेलच्या शेजारी.”

विठाबाईनं पदर कमरेला खोचला. “फाट्याला? आवं हणमंतराव, तुम्ही तर म्हणला होता नवा बोर, नवा बोर. फाट्याला हाय म्हणून कवा म्हणला?”

“मावशी, तुम्ही विचारलं न्हाई की. आन् फाटा काय लांब हाय का? येता-जाता चहा बी होईल.”

“दोन किलोमीटर डोईवर घागर घिऊन चहा पिऊ का रं मुडद्या?”

आता काय पणाला लागलंय ते सगळ्यांना कळलं. एक शब्द मोबाइलात पडला की ह्या वस्तीचं पाणी दोन किलोमीटर लांब जाणार होतं. आणि त्या शब्दाखाली वस्तीचेच अंगठे होते. कारण फेल म्हणजे नवं मिळतं एवढंच त्यांना सांगितलं होतं. जुनं जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं. चूक कुणाची म्हणायची? अंगठा देणाऱ्याची म्हणाल तर तुमचंही टाळकं तपासून घ्यावं लागेल.

पंचफुला मॅडमसमोर उभी राहिली. “ऐका मॅडम. फेल म्हंजी आत पाणीच न्हाई. ब्रेकडाऊन म्हंजी पाणी हाय, पण वर यायचा रस्ता मोडलाय. तुम्ही वरून पन्नास दांडे मारून आतलं कसं सांगून राहिलात? दारावर थाप मारली, कुणी ओ दिली न्हाई, म्हणून घरातला माणूस मेला का? झोपला आसंल, संडासला गेला आसंल.”

शिल्पा मॅडमला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. “मावशी, तुमचं म्हणणं पटतंय. पण ब्रेकडाऊन लिहायचं तर कारण लिहावं लागतं. काय मोडलंय आणि का मोडलंय. त्याशिवाय पुढं जातच नाही. कारण सापडलं नाही तर ते फेलमध्येच जातं. दुपारी तीनपर्यंत मी थांबते. तीनला जीप हलणार.”

“तीन? लई झाले. विठाबाई, दांडा मारा.”

विठाबाईनं दांडा धरला, आठ-दहा वेळा मारला. “हलका लागतोय पोरी. पयले कसं, खालनं कुणीतरी वढल्यावानी लागायचं. आता नुसतं हवेत हात फिरवल्यावानी.”

पंचफुलानं वस्तीकडं तोंड केलं आणि जाहीर केलं, “दांड्यापासनं तळापर्यंत सळया असतेत न्हवं, त्यातला खालचा रॉड सुटलाय. शेवटचा न्हाईतर त्याच्या वरचा. लिवून घ्या.”

“लिवून घेतलं,” हणमंतराव म्हणाले. “रॉड न्हाई सुटला तर?”

“तर मी आजपासून पाना धरणार न्हाई.”

गंगम्मानं कपाळावर हात मारला आणि कानडीत काहीतरी पुटपुटली.

पुढचे दोन तास पांगरवस्तीत जे चाललं ते बघायला तुम्ही पाहिजे होता. हापशाचं मुंडकं खाली उतरलं. तिवई उभी राहिली. एक बाई शिकंज्यानं पाइप पकडतेय, चार बायका वर ओढताहेत, गंगम्मा पाना लावून जोड सोडतेय, पंचफुला आतला रॉड सोडतेय. “वढ गं, सासूचा केस वढल्यावानी वढ!” असं कुणीतरी म्हणायचं, आणि मग सासवा शिव्या द्यायच्या आणि जास्त जोरानं ओढायच्या. शिल्पा मॅडमच्या दोन गड्यांनी आधी हाताची घडी घातलेली, मग एक जण न राहवून पुढं आला, तर विठाबाई म्हणाली, “तू बस बाबा, दमशील.”

पहिला पाइप कोरडा. दुसरा कोरडा. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, बाहेरून सगळे वाळून खडंग. हणमंतराव प्रत्येक पाइपाला मोठ्यानं मोजत होते, लग्नात आहेर मोजावा तसे. सातवा पाइप आला, कोरडाच. बायकांचे हात ढिले पडले.

आठवा वर आला आणि गंगम्मा ओरडली, “अक्का! नीरु!”

अर्ध्यापासून खाली पाइप बाहेरून ओला होता. काळपट, गार, हात लावला की बोटं भिजणारा. एका लेकुरवाळ्या बाईनं गाल लावला त्याला. पाइप दहा फुटी, म्हणजे पंच्याहत्तर फुटांवर पाणी उभं होतं, आणि बोर दोनशे फूट खोल. एप्रिल महिन्यात ह्याहून जास्त काय पाहिजे?

“ओल हाय,” हणमंतराव म्हणाले. “ओल म्हंजी पाणी न्हवं.”

उरलेले तीन पाइप निघाल्यावर गंगम्मानं मॅडमच्या जीपमधली रिकामी बाटली घेतली, बुडाला दोन मोठे नट बांधले, दोरी लावली आणि भोकात सोडली. वर ओढली तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली. जराशी गढूळ, पण पाणी. तिनं ती हणमंतरावांच्या पुढं धरली. “घ्या. ओल प्या.”

वस्तीत जो दंगा झाला त्यात लिंबावरचे कावळे उडाले.

शिल्पा मॅडमनं बाटलीचा फोटो काढला. “पाणी आहे हे मान्य. आता कारण, मावशी. पावणेतीन झालेत.”

इथवर सगळं पंचफुलाच्या मनासारखं झालं. एक गोष्ट सोडून. अकराच्या अकरा रॉड धडधाकट निघाले. एकही सुटला नव्हता, एकही वाकला नव्हता. हे हणमंतरावांनीही बघितलं होतं. ते उठून रॉडांच्या रांगेवरून चालत गेले, पाहणीला आलेल्या मंत्र्यासारखे.

“पंचफुलाबाई, रॉड तर नवरदेवावानी सरळ हायेत. मंग बंद कशानं पडला? बोरच वाकडा असंल. खचला असंल. आसा बोर फेलमधीच जातो, न्हाई का मॅडम?”

“कारण नाही मिळालं तर जाईल,” मॅडम म्हणाली.

पंचफुला सगळ्यांकडं पाठ करून खाली बसली होती. तिनं तळाचं सिलिंडर, म्हणजे ज्या नळकांड्यात पाणी उचललं जातं ते, मांडीवर घेतलं आणि उघडलं. आतल्या दट्ट्याला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. तोच पाणी धरतो, तोच वर ढकलतो. तो वायसर झिजून, फाटून, भिजलेल्या पापडासारखा झाला होता. म्हणून दांडा हलका लागत होता. कारण सापडलं. आनंदानं ओरडायला तिनं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

तो कंपनीचा वायसर नव्हता. त्याच्या एका बाजूला बारीक शिलाईची ओळ होती आणि मधे खिळ्याचं भोक. तिनं ते चामडं ओळखलं. दीड वर्षापूर्वी हाच हापसा बंद पडला होता. तेव्हा सुटे भाग आले नव्हते, वस्ती ताटकळली होती, आणि तिनं रामलिंगच्या एका चपलेचा तळवा कापून वायसर केला होता. ‘आठ दिवस चालवा, मी येऊन बदलते’ असं सांगून गेली होती. आठ दिवसांचं दीड वर्ष झालं. ती आलीच नाही. विसरली. हापसा बिचारा चपलेवर सोळा महिने पाणी देत राहिला.

हापसा मोडला नव्हता, तिनंच मोडू दिला होता.

तिनं मूठ आवळली. मुठीत वायसर. गोणीत नवा वायसर होता. हात घालायचा, अदलाबदल करायची, म्हणायचं की व्हॉल्व्हमध्ये खडा अडकला होता. कोण बघतंय? गंगम्मा बघत होती. ती समोर उकिडवी बसलेली, तिनं मूठ बघितली, पंचफुलाचं तोंड बघितलं आणि हळूच म्हणाली, “अक्का, चप्पल?”

“गप.”

“भाऊजी अजून दुसरी शोधतेत.”

“गप म्हणलं ना.”

“कारण काय लिहू?” मागून मॅडमचा आवाज. “तीन वाजले.”

दोन-अडीच तासांपूर्वी अख्ख्या वस्तीपुढं पाना सोडायची भाषा केलेली बाई. बावीस बाप्यांत एकटीनं प्रमाणपत्र मिळवलेली बाई. तालुक्यात जिच्या निदानावर पैज लागते ती बाई. ह्या बाईनं उठून काय म्हणायचं? रॉड नाही, माझी चूक? आणि तेही हणमंतरावांच्या समोर? खोटा खडा सांगितला तरी शब्द ब्रेकडाऊनच पडला असता, हेही तिला कळत होतं. पण खोटं कारण म्हणजे वरून दांडे मारून फेल लिहिण्यासारखंच. आत न बघता ठप्पा. सकाळपासून ती ज्याच्याशी भांडत होती तेच.

ती उठली. वळली. मूठ उघडली.

“लिवा मॅडम. वायसर गेला. हा बघा. कंपनीचा न्हाई, चपलेचा हाय. मी बसवला, आठ दिवसासाठी, आन् दीड वर्ष बदलायला आले न्हाई. रॉड सुटलाय म्हणले ते चुकलं. माझं नाव लिवा.”

मग विठाबाई पुढं आली, तो वायसर चिमटीत धरला, डोळ्याजवळ नेला. “कुणाची गं चप्पल?”

“आमच्या मालकाची.”

“म्हंजी दीड वर्ष आमी रामलिंगच्या पायाचं तीर्थ प्यालो?”

बायका अशा हसल्या की दोघी-तिघी खाली बसल्या. एकीला ठसका लागला. शिल्पा मॅडमनं ओढणी तोंडावर धरली, पण खांदे हलत होते. जीपजवळचे गडीसुद्धा फुटले. पंचफुलाला आधी संताप आला, कान तापले, हात पान्याकडं गेला. मग तिलाही हसू आलं, आणि तिचं हसू म्हणजे मोपेड पहिल्या किकला चालू झाल्यासारखं, फटफटत.

हणमंतरावांनी एकदा प्रयत्न केला. “पण पंचफुलाबाई, तुम्ही म्हणला होता, रॉड न्हाई सुटला तर पाना धरणार न्हाई.”

“म्हणले होते,” पंचफुला म्हणाली. तिनं पाना उचलला आणि त्यांच्यापुढं धरला. “घ्या. तुम्ही बसवा. अकरा पाइप हायेत.”

हणमंतरावांनी पान्याकडं बघितलं, स्वतःच्या कडक इस्त्रीकडं बघितलं. “आसू द्या, आसू द्या,” म्हणाले. “माणसाचं चुकतं कधीमधी.”

शिल्पा मॅडमनं मोबाइलवर ब्रेकडाऊन दाबलं. कारण: तात्पुरता वायसर, वेळेत बदलला नाही. कुणी बसवला, त्या रकान्यात पंचफुलाचं नाव. टाइप करून झाल्यावर तिनं विचारलं, “मावशी, ह्याच्यावरून ऑफिसातून तुम्हाला पत्र येऊ शकतं. चालेल?”

“येऊ द्या. माझ्या नावाचं ऑफिसातून पत्र कवा आलंच न्हाई. फ्रेम करते.”

पत्र खरंच आलं, फ्रेमही झाली, पण ते नंतर. त्या दिवशी जीप चार वाजता हलली, कारण मॅडमला दांडा मारून बघायचा होता. नवा वायसर बसला, पाइप पुन्हा एकेक करून खाली गेले, मुंडकं चढलं. पहिला दांडा विठाबाईचा. पंचफुला मोजत होती. एकतिसाव्या दांड्याला नळीनं घसा खाकरला आणि तेहतिसाव्याला पाणी आलं, आधी तांबूस, मग निवळ. विठाबाई म्हणाली, “लागलं गं बाई हाताला.”

घरी गेल्यावर पंचफुलानं रामलिंगला सगळं सांगितलं. तो आधी हसला आणि मग विचारात पडला. “एका तळव्यात तीन वायसर निघतेत,” तो म्हणाला. गॅरेजवाला माणूस, त्याचं डोकं बरोबर त्याच ठिकाणी गेलं. “एक पांगरवस्तीला. बाकीचे दोन कुठंयत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोपेड निघाली. एक मुरुडच्या अलीकडच्या तांड्यावर सापडला, अजून जीव धरून असलेला. दुसरा रेणापूर तालुक्यातल्याच एका शाळेजवळ, तिथला हापसा सहा महिन्यांपासून बंद होता आणि पाटी लटकत होती. पाटीवर मास्तरांनी स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: बोर फेल. पंचफुलानं पाटी खाली उतरवली, उलटी करून त्यावर वायसर, पाने, नट मांडले आणि कामाला लागली. दुपारच्या सुट्टीत पोरं त्या हापशाखाली डोकी भिजवत होती. मास्तर म्हणाले, “आम्ही तर लिहून कळवलं होतं फेल म्हणून.” पंचफुला म्हणाली, “मास्तर, तुमचा धंदाच हाय तो. पण पेपर तपासून तरी नापास करत जा.”

हल्ली ती प्रत्येक हापशाच्या खांबावर आतल्या बाजूला रंगानं तारीख लिहून ठेवते. तात्पुरतं काही बसवलं असेल तर लाल रंगानं. आणि तिची फुशारकी कमी झाली असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही नाही. निदान ती अजून तेवढ्याच मोठ्यानं सांगते. फक्त सांगून झालं की खालच्या आवाजात म्हणते, “उघडून बघू.”

आता तुमच्याकडं एक काम आहे. हे वाचून झालं की बाजूला ठेवून देऊ नका. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत जा आणि बंद हापशांची यादी मागा. यादी मागायला लाजू नका, ती तुमचीच आहे. देत नसतील तर तिथंच बसा, चहा मागवला तर पिऊ नका. यादी हातात आली की प्रत्येक हापशाच्या नावापुढं दोनपैकी कुठला शब्द लिहिलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जिथं ‘फेल’ लिहिलं असेल तिथं एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका: उघडून बघितलं होतं का?